तांबड्या समुद्राची बातमी कशी वाचावी

(जिल्हा ग्रंथालयात स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'आंतरराष्ट्रीय चालू घडामोडी' असा विषय मला देण्यात आला आहे. तासाभरात सगळे जग सांगावयाचे म्हटले, तर नावांची व तारखांची यादी वाचून दाखविण्यापलीकडे काही होणार नाही. अशा याद्यांच्या पुस्तिका बसस्थानकावरही मिळतात. म्हणून मी एकच घडामोड निवडली आहे. जगातील सागरी व्यापाराच्या वाटा २०२१ पासून पुढे वारंवार अडत गेल्या. त्या का अडल्या, त्यामुळे कोणाचे काय झाले आणि परीक्षार्थीने त्यातून काय टिपावे, एवढेच आज पाहू. होर्मुझ व मलाक्का या सामुद्रधुनींना मी हात लावणार नाही. त्यांना स्वतंत्र तास हवा.

राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५ पासून वर्णनात्मक झाले आहे, हे आपण जाणताच. चार पर्यायांतील एकावर खूण करणे आणि कोऱ्या कागदावर दोनशे शब्द लिहिणे यांत मोठे अंतर आहे. 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज कोणी पळविले, हे पाठ असलेल्या उमेदवाराला 'तांबड्या समुद्रातील अशांततेचा भारतीय शेतमालाच्या निर्यातीवर झालेला परिणाम सांगा' असे विचारले, की त्याची लेखणी पहिल्या ओळीतच थांबते. त्याची माहिती खोटी नसते. पण एका माहितीचा दुसरीशी संबंध त्याने कधी जोडलेला नसतो. खेड्यापाड्यांतून आलेली मुले उमेदीची चार-पाच वर्षे या अभ्यासाला देतात. ती वर्षे सुट्या तारखांच्या घोकंपट्टीत जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

प्रथम नकाशा घ्या. आफ्रिका आणि अरबस्तान यांच्यामध्ये सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर लांबीचा एक अरुंद समुद्र आहे. त्याच्या उत्तरेच्या टोकाला सुएझचा कालवा आणि दक्षिणेच्या टोकाला बाब-अल-मांदेब ही सामुद्रधुनी. या अरबी नावाचा अर्थ 'अश्रूंचे द्वार' असा सांगतात. सामुद्रधुनीची रुंदी सर्वांत चिंचोळ्या जागी तीसेक किलोमीटर. एका बाजूस येमेन, दुसऱ्या बाजूस जिबुती आणि इरिट्रिया. जिबुतीसारख्या चिमुकल्या देशात अमेरिका, फ्रान्स, जपान आणि चीन या चौघांचे लष्करी तळ का असावेत, याचे उत्तर या नकाशातच आहे.

या दाराबाहेर एडन बंदर लागते. महाराष्ट्राला ते अपरिचित नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी ते घेतले आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारच्या अखत्यारीत चालला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेसाठी एडनच्या तुरुंगात धाडण्यात आले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. इतिहासाच्या तासाला हे नाव आपण घेतो. भूगोलाच्या तासाला त्याच एडनवर बोट ठेवावे, ही शिक्षक बंधुभगिनींना विनंती. मुलांच्या मनात ती जागा पक्की बसेल.

सुएझचा कालवा १७ नोव्हेंबर १८६९ रोजी खुला झाला. मुंबई ते लंडन हे सागरी अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले आणि मुंबई पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजांचे पहिले मोठे बंदर ठरली. ससून गोदी १८७५ मध्ये आणि प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये उभी राहिली, ती याच भरभराटीच्या काळात. कालवा शांततेत आणि युद्धातही सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुला राहावा, असा करार १८८८ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे झाला. तो नेहमीच पाळला गेला, असे मात्र इतिहास सांगत नाही. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्यावरून ब्रिटन, फ्रान्स व इस्रायल यांनी हल्ला केला आणि तो थांबल्यावर संयुक्त राष्ट्रांची पहिली शांतिसेना तेथे गेली. तीत भारतीय जवान होते. पुढे १९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि कालवा बंद पडला, तो थेट ५ जून १९७५ रोजी उघडला. आठ वर्षे! त्या काळात आत अडकलेल्या मालवाहू जहाजांवर वाळवंटातील पिवळी धूळ साचत राहिली. दूरच्या फेऱ्या परवडाव्यात म्हणून अधिकाधिक मोठी तेलवाहू जहाजे बांधण्यास त्याच काळात जोर आला. आफ्रिकेला वळसा घालण्याची वेळ जगावर २०२३ नंतर प्रथमच आली असे लिहिणाऱ्या उमेदवाराचे गुण येथेच जातात.

एक पारिभाषिक भेद येथे स्पष्ट केलेला बरा. सामुद्रधुनी निसर्गाने केलेली असते, कालवा माणसाने खणलेला असतो. कालवा ज्या देशाच्या भूमीतून जातो त्याच्या सार्वभौमत्वाखाली असतो. तो देश जकात घेतो, नियम करतो. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या सामुद्रधुनीतून मात्र सर्व देशांच्या जहाजांना अखंड मार्गक्रमणाचा हक्क आहे. १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारात तो नमूद असून हा करार नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आला. सुएझ आणि बाब-अल-मांदेब यांना एकाच मापाने मोजता येत नाही, ते यामुळे.

आता अलीकडच्या घटनांकडे वळू. २३ मार्च २०२१ रोजी 'एव्हर गिव्हन' नावाचे चारशे मीटर लांबीचे मालवाहू जहाज सुएझच्या कालव्यात आडवे रुतले. सहा दिवस जगाच्या सागरी व्यापाराचा जवळजवळ आठवा हिस्सा खोळंबला. दोन्ही तोंडांशी चारशेवर जहाजे उभी राहिली. या जहाजाची कुळकथा मोठी बोधप्रद आहे. मालक जपानी, चालविणारी कंपनी तैवानची, नोंदणी पनामाची, व्यवस्थापन जर्मन आणि जहाजावरील पंचवीसही खलाशी व अधिकारी भारतीय. 'जहाज कोणत्या देशाचे?' या एका ओळीच्या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर असू शकत नाही, हे यावरून ध्यानात यावे. जहाज सुटले ते पौर्णिमेच्या भरतीने. वाळू उपसणारी यंत्रे आणि ओढबोटी झटत होत्याच. परंतु उधाणाने पाणी चढले आणि २९ मार्चला ते अजस्र धूड तरंगू लागले. आपल्याकडे त्या दिवशी धुळवड होती. कोकणातल्या कोणाही कोळ्याला होळीच्या पुनवेचे उधाण सांगावे लागत नाही.

तो अपघात होता. २०२३ मध्ये घडले ते मात्र युद्धाचे अंग होते. येमेनच्या उत्तरेकडील सादा भागातून उदयास आलेल्या हुथी या सशस्त्र संघटनेने सप्टेंबर २०१४ मध्ये राजधानी साना ताब्यात घेतली. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडी युद्धात उतरली. त्या वेळी भारताने 'ऑपरेशन राहत' राबवून साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना आणि त्यांच्यासोबत अनेक देशांच्या शेकडो नागरिकांना येमेनबाहेर काढले. एप्रिल २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला, गाझात युद्ध सुरू झाले आणि १९ नोव्हेंबरला हुथींनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतले. गाझातील युद्धाच्या निषेधार्थ इस्रायलशी संबंधित जहाजांवर आपण हल्ले करीत आहोत, असे हुथींचे म्हणणे होते; प्रत्यक्षात इस्रायलशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक जहाजांना तडाखा बसला. वर्णनात्मक उत्तरात ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी यावीत. एक सोडून दुसरे लिहिले, की उत्तराचे भाषण होते.

पुढील क्रम मी भराभर सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने बहुराष्ट्रीय नौदल मोहीम जाहीर झाली. १० जानेवारी २०२४ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २७२२ संमत करून हल्ले थांबविण्याची मागणी केली. अकरा मते बाजूने पडली आणि रशिया, चीन, अल्जीरिया व मोझांबिक तटस्थ राहिले. दोनच दिवसांनी अमेरिका आणि ब्रिटन यांनी येमेनमध्ये हवाई हल्ले सुरू केले. फेब्रुवारीत युरोपीय संघाने आपली 'अस्पिदेस' ही संरक्षण मोहीम उघडली. मार्च २०२४ मध्ये 'रुबीमार' बुडाले. ६ मे २०२५ रोजी ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथी यांच्यात समझोता जाहीर झाला. तरी त्याच वर्षीच्या जुलैत 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही दोन जहाजे आठवड्याच्या आत बुडविली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात युद्धविराम झाला. यांतील प्रत्येक तारीख पाठ करण्याची गरज नाही. परंतु समझोत्यानंतरही जहाजे बुडाली, हा क्रम चुकता कामा नये.

भारतीय नौदलाची कामगिरी या प्रकरणात उल्लेखनीय होती. २३ डिसेंबर २०२३ रोजी 'केम प्लूटो' या जहाजावर गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात ड्रोन आदळला. जहाजावर वीसेक भारतीय होते. ते मुंबई बंदरात सुखरूप आणण्यात आले. २६ जानेवारी २०२४ रोजी, ऐन प्रजासत्ताकदिनी, 'मार्लिन लुआंडा' हे तेलवाहू जहाज पेटले. त्यावरील बावीस भारतीय आणि एका बांगलादेशी खलाशाच्या मदतीला 'विशाखापट्टणम' ही युद्धनौका गेली आणि आग आटोक्यात आली. मार्चमध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स'वरील तिघे जण हल्ल्यात मृत्युमुखी पडले. उरलेल्या एकवीस जणांना 'कोलकाता' या युद्धनौकेने वाचविले. त्याच युद्धनौकेने १६ मार्च २०२४ रोजी 'रुएन' हे जहाज सोमाली चाच्यांच्या तावडीतून सोडविले. पस्तीस चाचे शरण आले आणि २३ मार्चला त्यांना मुंबईत पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. २०२२ चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा येथे उपयोगी पडला. हुथी व सोमाली चाचे यांची गल्लत मात्र करू नका. पहिल्यांचा हेतू राजकीय आहे, दुसऱ्यांचा खंडणीचा. एवढेच, की नौदलांचे लक्ष एका संकटाकडे वळल्यावर दुसऱ्याने डोके वर काढले.

सरपंच मंडळी म्हणतील, हे सारे ठीक. आमच्या गावाचा याच्याशी काय संबंध? त्यासाठी नाशिक जिल्ह्यातील द्राक्षाचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो माल तयार होतो, तो जानेवारीपासून एप्रिलपर्यंत युरोपात जातो. पॅकहाऊसमध्ये निवड, मग शीतकरण, मग रीफर कंटेनर, तेथून न्हावाशेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर आणि पुढे एडनचे आखात, तांबडा समुद्र, सुएझ, भूमध्य समुद्र असा प्रवास करून रॉटरडॅम. हुथींचे हल्ले वाढले ते नेमके डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे हंगामाच्या तोंडावर. जहाज कंपन्यांनी आपली जहाजे केप ऑफ गुड होपच्या वळशाने वळविली. प्रवास साधारण पंधरवड्याने लांबला. तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांचा युद्धजोखमीचा विमा अनेक पटींनी महागला, कंटेनरचे भाडे पहिल्या काही आठवड्यांतच दुपटीच्या वर गेले, आणि रिकामे कंटेनर वेळेवर परत येईनात म्हणून त्यांचा तुटवडा पडला.

पोलादाची पट्टी पंधरा दिवस उशिरा पोहोचली तर व्याज वाढते. द्राक्षाचा घड पंधरा दिवस उशिरा पोहोचला तर देठ सुकतो आणि दर पडतो. शिवाय या वळशात एक गंमतही होती, ती कटू होती इतकेच. दक्षिण आफ्रिका हा युरोपच्या बाजारात आपला प्रतिस्पर्धी. त्यांचा हंगामही याच सुमारास असतो आणि त्यांचा माल केपटाऊनहून अटलांटिकमार्गे जातो. सुएझशी त्याला कर्तव्य नाही. आपले द्राक्ष त्या वर्षी प्रतिस्पर्ध्याच्या दारावरून, त्याच्या कितीतरी मागून, त्याच बाजाराकडे चालले होते. भाडेवाढीचा बोजा निर्यातदाराने सोसला, की दरातून बागायतदाराकडे सरकविला, हे प्रत्येक सौद्यात वेगळे असणार; परंतु करारात दर ठरलेला नसेल तर सर्वांत शेवटी उभा असलेला माणूस बागायतदारच असतो.

याच्याच शेजारी कांद्याची गोष्ट ठेवा. त्याच हिवाळ्यात कांद्याचे भाव पडले. ते तांबड्या समुद्रामुळे पडले असे समजणे गैर आहे. आपला कांदा मुख्यतः बांगलादेश, आखाती देश, श्रीलंका, मलेशिया यांकडे जातो. त्याला सुएझ लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र शासनाने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली होती. ती ४ मे २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य व शुल्क यांच्या अटीवर उठविण्यात आली. देशांतर्गत भाव आवाक्यात राहावेत, हा त्या बंदीमागचा हेतू. त्याच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद आहेत आणि ते उत्तरात अवश्य मांडावेत. मात्र एकाच जिल्ह्यातील, एकाच हंगामातील दोन पिकांच्या अडचणींची कारणे निराळी असू शकतात, एवढा विवेक प्रशासनात जाणाऱ्याच्या अंगी हवाच. अन्यथा उद्या अहवाल लिहिताना तो द्राक्षाचे औषध कांद्याला देईल.

तांबडा समुद्र असा धुमसत असताना जगाच्या दुसऱ्या टोकाला पनामाचा कालवा अडला होता. तेथे युद्ध नव्हते, पाऊस नव्हता. सुएझ समुद्रसपाटीचा आहे, त्याला दरवाजे नाहीत. पनामाचे तसे नाही. चाग्रेस नदीवर धरण बांधून गातुन नावाचा प्रचंड जलाशय केलेला आहे. जहाज दरवाजांच्या हौदांतून पायरीपायरीने या जलाशयापर्यंत वर चढते, तो ओलांडते आणि पलीकडे तसेच उतरते. प्रत्येक जहाजामागे सुमारे एकोणीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. २०२३ मध्ये एल निनोमुळे पावसाने दगा दिला. एरवी रोज छत्तीसच्या आसपास जहाजे जात. जानेवारी २०२४ मध्ये ती संख्या चोवीसवर आणावी लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका जहाजाने रांगेतला पुढचा क्रमांक लिलावात मिळविण्यासाठी सुमारे चाळीस लाख डॉलर मोजले. २०२४ च्या पावसाने जलाशय भरला आणि वाहतूक पूर्ववत झाली.

आता सरपंच मंडळींना रस वाटेल अशी बाब. त्याच गातुन जलाशयाचे पाणी पनामाची राजधानी पिते. देशातील निम्म्याच्या आसपास लोकांची तहान या खोऱ्यावर भागते. पाणी पिण्यासाठी ठेवायचे, की परकीय चलन मिळवून देणाऱ्या जहाजांसाठी सोडायचे? 'धरणात पाणी आहे, पण ते कोणाचे?' हा वाद आपल्याला नवा नाही. त्यावर उपाय म्हणून कालव्याच्या व्यवस्थापनाने शेजारच्या इंडिओ नदीवर नवे धरण बांधण्याची योजना पुढे आणली. त्यामुळे सुमारे दोन हजार लोकांना घरेदारे सोडावी लागणार असे सांगण्यात आले आणि त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी विरोधाचे मोर्चे काढले. 'धरणग्रस्त' हा शब्द ज्या भाषेत रोजच्या वापरातला आहे, त्या भाषेतील विद्यार्थ्याने पनामाचे हे पान परके समजू नये. हा कालवा १९१४ मध्ये खुला झाला, १९७७ च्या करारानुसार १९९९ च्या अखेरीस अमेरिकेने तो पनामाच्या स्वाधीन केला, आणि २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात तो परत घेण्याची भाषा केली. तीन तारखा, एक शतक. एवढे लिहिता आले तरी पुष्कळ झाले.

इजिप्तचे काय झाले, तेही पाहू. सुएझच्या जकातीतून त्या देशाला २०२३ मध्ये सुमारे दहा अब्ज डॉलर मिळाले होते. २०२४ मध्ये ते उत्पन्न चार अब्जांच्या आसपास उतरले. युद्धात इजिप्त उतरला नव्हता, तरी त्याच्या तिजोरीला मोठी गळती लागली.

अभ्यासाच्या पद्धतीविषयी थोडे. बातमी वाचली, की वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात असा साचा काही शिकवणी वर्गांतून देण्यात येतो. साचे उपयोगी असतात, पण मला त्यांची फारशी ओढ नाही. माझी सूचना साधी आहे: बातमी वाचताना नकाशा उघडा ठेवा आणि एक प्रश्न विचारा, 'यामुळे कोणाचा खर्च वाढला?' विमा कंपनी, जहाज कंपनी, निर्यातदार, बागायतदार, इजिप्तची तिजोरी, पनामाच्या खोऱ्यातील शेतकरी ही सर्व माणसे या एका प्रश्नाच्या पाठोपाठ आपोआप समोर येतात. सुरक्षा परिषदेचे ठराव, परराष्ट्र मंत्रालयाची निवेदने, नौदलाची प्रसिद्धिपत्रके मूळ स्वरूपात वाचा. ती वृत्तपत्रातील मथळ्यांहून थंड असतात आणि उत्तराची भाषा त्यांवरून शिकता येते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची पायाभरणी झाली, ती बातमी आपण 'राज्य' या सदरात टिपली असेल. ती याच वहीत, तांबड्या समुद्राच्या पानासमोर लिहा. स्थानिक मच्छीमारांचे त्याविषयीचे आक्षेपही तेथेच नोंदवा.

ग्रामपंचायत सदस्यांना एक विनंती. गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेण्यासाठी खर्च होतो, तो योग्यच आहे. त्यातील अल्प रक्कम जगाच्या एका मोठ्या, मराठी नावांच्या भिंतीवरील नकाशासाठी ठेवावी. तो दाराच्या समोरच्या भिंतीवर, मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर लावावा; कपाटात गुंडाळून ठेवू नये. नाशिकहून न्हावाशेवा, तेथून रॉटरडॅम, दोन्ही वाटांनी दोरा लावून पाहिला, की पाचवीतल्या मुलालाही कोणता दोरा लांब हे मोजता येते.

असा एक नकाशा आणि दोन रंगांचे दोरे मी सोबत आणले आहेत. ते येथे मेजावर आहेत. ज्यांना प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी पुढे यावे. पनामाच्या दरवाजांविषयी ज्यांना अधिक जाणून घ्यावयाचे असेल, त्यांच्यासाठी फळ्यावर आकृती काढतो.